पिशवी काढली, पण कळ कुठे गेली?

मराठीत ‘पिशवी’ हा शब्द फार कामाचा आहे आणि रुग्णालयात तो तितकेच घोटाळे करतो. गर्भाशय म्हणजे पिशवी. मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. आणि ऑपरेशननंतर खाटेच्या कडेला जी प्लास्टिकची पिशवी लटकते, जिच्यात नळीतून लघवी जमत राहते, तीही लघवीची पिशवीच. कर्करोगाच्या स्त्रियांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना एका काकूंच्या मुलाला मी फोनवर सांगताना ऐकलं, “आईची पिशवी काढली, पण पिशवी अजून काढली नाही.” वाक्य अगदी बरोबर होतं. पलीकडच्याला काय कळलं असेल देव जाणे.

काकूंचं ऑपरेशन गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचं होतं. दहावा दिवस. टाके सुकत आलेले, भाकरी-भाजी सुरू झालेली, व्हरांड्यात फेऱ्या चालू. फक्त नळी निघत नव्हती. दोनदा काढून पाहिली, दोनदा परत घालावी लागली. अशात नणंद भेटायला आली आणि खाटेशी उभी राहून म्हणाली, “माझी पण पिशवी काढलीय की, गाठी होत्या म्हणून. मला दुसऱ्याच दिवशी नळी काढली. हिचंच काय बिघडलं?” ती गेल्यावर काकूंनी मला हळूच विचारलं, “सिस्टर, डॉक्टरांनी काय भलतंच कापलं का हो?”

असं विचारणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. आणि प्रश्न वेडाही नाही.

दोघींची पिशवीच काढली हे खरं, पण ऑपरेशनं दोन वेगवेगळी होती. गाठी, जास्त रक्तस्राव, अंग बाहेर येणं यासाठी जे ऑपरेशन होतं, त्यात गर्भाशय त्याच्या कडेला लागून सोडवतात. कुंडीतलं रोप हलक्या हाताने उपटावं तसं, मुळांना चिकटून. कर्करोगात तसं चालत नाही. मुखावरची गाठ डोळ्यांना दिसते तेवढीच असेल याची खात्री नसते. पेशी आजूबाजूच्या मऊ ऊतींत शिरलेल्या असू शकतात. म्हणून रोप काढायचं ते भोवतालच्या मातीसकट. मुखाच्या दोन्ही बाजूंच्या ऊती, मागे पाठीच्या कण्याकडे जाणारे बंध, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी, सगळं घेऊन. याला डॉक्टर ‘रॅडिकल हिस्टरेक्टॉमी’ म्हणतात. कागदावर तो एक जास्तीचा शब्द दिसतो. मूत्राशयाच्या दृष्टीने सगळा फरक त्या एका शब्दात आहे.

कारण त्याच मातीतून मूत्राशयाच्या नसा जातात. आपल्याकडे रस्ता खणताना जेसीबीने टेलिफोनची केबल तोडली की अख्ख्या गल्लीचे फोन बंद पडतात. फोन बिघडलेले नसतात, घरंही जागच्या जागी असतात, फक्त जमिनीखालचा निरोप तुटलेला असतो. काकूंच्या मूत्राशयाचं तेच झालं होतं. त्याला सुरी लागली नव्हती. त्याची केबल दुखावली होती.

आता त्या केबलीत काय काय असतं ते बघू. मूत्राशय म्हणजे स्नायूंचा फुगा. मोठ्या माणसात त्यात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. १५० ते २५० मिलीच्या आसपास पहिली जाणीव होते, ‘जायला हवं, पण घाई नाही’ अशी. फुगा भरत असताना भिंत सैल पडत जाते, त्यामुळे आत दाब वाढत नाही. हे सैल पडण्याचं आणि फुग्याचं तोंड मिटून ठेवण्याचं काम पाठीच्या कण्याच्या मधल्या-खालच्या भागातून येणाऱ्या नसा करतात. रिकामं करायची वेळ आली की कण्याच्या अगदी टोकाकडून, त्रिकास्थीतून निघालेल्या दुसऱ्या नसा भिंतीला आकुंचन पावायला सांगतात. ‘भरलंय’ हा निरोप वर मेंदूकडे नेणारे धागेही मुख्यतः याच दुसऱ्या नसांमधून जातात. ज्याला आपण कळ म्हणतो, ती इथून येते.

तिसरी नस वेगळीच आहे. एसटीत बसलोय, पुढचं स्टँड अजून अर्ध्या तासावर आहे, तेव्हा आपण ज्या जोरावर आवरून धरतो, ती ही नस. ती ओटीपोटाच्या तळाखालून जाते, म्हणून या ऑपरेशनमध्ये सहसा तिला धक्का लागत नाही. त्यामुळेच एक विचित्र परिस्थिती तयार होते. दार बंद करणारा शाबूत असतो, ढकलणारा दमलेला असतो, आणि गर्दी झाली आहे हे सांगणारा गायब असतो.

पहिल्या दोन प्रकारच्या नसा एकत्र येऊन गुदाशय आणि योनीच्या दोन्ही बाजूंना एक जाळं तयार करतात, आणि त्या जाळ्यातून बारीक फांद्या पुढे मूत्राशयाकडे जातात. शस्त्रक्रियेत धोका असतो तो तीन जागी. मागचे बंध कापताना पहिल्या नसा लागून असतात. बाजूच्या ऊती खोलवर कापताना दुसऱ्या नसा तिथेच तळाशी असतात. आणि समोर, मूत्राशय मुखापासून सोडवताना त्या शेवटच्या फांद्या. प्रत्येक वेळी नस तुटतेच असं नाही. ती ताणली जाते, चटका देणाऱ्या उपकरणाची उष्णता लागते, भोवती सूज येते. तुटलेली आणि मुकामार लागलेली नस सुरुवातीला बाहेरून सारखीच वागते. फरक कळतो तो महिन्यांनी. मार लागलेली हळूहळू बोलू लागते.

मूत्राशयाची तक्रार किती जणींना होते? वैद्यकीय लिखाणात ८ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आकडे सापडतात. एवढी तफावत पाहून हसू येईल, पण कारण सरळ आहे. कोण कशाला तक्रार म्हणतं, कुठल्या महिन्यात मोजतं, किती खोल कापलं होतं, सगळं वेगवेगळं. “काही त्रास आहे का?” असं विचारलं तर बाई नाही म्हणते. “जोर करावा लागतो का? कळ येते का? की घड्याळ बघून जाता?” असं विचारलं की गप्प होते आणि मग बोलायला लागते.

पहिल्या काही आठवड्यांत मूत्राशय बहुधा ताठर असतं. भिंत सुजलेली, सैल पडायला तयार नसलेली, त्यामुळे थोडंसं भरलं तरी आत दाब चढतो. पुढे बऱ्याच जणींत उलट होतं. भिंत ढिली पडते, फुगा मोठा होतो, त्यात सहाशे-सातशे मिली साचलं तरी पत्ता लागत नाही. एकच अवयव दोन महिन्यांत दोन उलट्या तऱ्हांनी वागतो, म्हणून पहिल्या महिन्यात लागू पडलेला सल्ला पुढे लागू पडेलच असं नाही.

नळी सहसा पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काढून पाहतात. प्रत्येक विभागाचा रिवाज वेगळा. काही ठिकाणी काढण्याआधी दोन-तीन दिवस नळीला चाप लावून दर काही तासांनी सोडतात, मूत्राशयाला सवय लागावी म्हणून. मीही हे शेकड्याने केलं आहे. त्याने मूत्राशय लवकर सुधारतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तरी सवय सुटत नाही. चाप लावलेली नळी सोडायची राहिली तर मात्र नुकसान नक्की होतं.

नळी काढल्यावर खरी परीक्षा. काकूंसाठी मी शाळेच्या वहीत तीन रकाने आखून दिले होते: प्यायले, झाली, उरली. प्यायले म्हणजे पाणी, चहा, ताक, वरणाचं पाणीसुद्धा. झाली म्हणजे खुणा असलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात केलेली लघवी. उरली म्हणजे लघवी करून आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सोनोग्राफीने किंवा बारीक नळी घालून मोजलेली, आत शिल्लक राहिलेली लघवी. पहिल्या दिवशी काकूंनी अभिमानाने भांडं दाखवलं. १८० मिली. “होतीय की सिस्टर, मग नळी कशाला आता?” मग उरलेली मोजली. ४२०.

लघवी होणं आणि लघवी पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी कितीही समजावून सांगितलं तरी त्या ४२० च्या आकड्याएवढं ते कधी पटलं नाही. निरोगी मूत्राशयात लघवी झाल्यावर फार तर पन्नासेक मिली उरते. या ऑपरेशननंतर उरलेली १०० मिलीच्या आत आली की बहुतेक ठिकाणी नळीची गरज संपली असं धरतात. कुठे ५० म्हणतात, कुठे १५०. आकड्यावरून वाद घालण्यापेक्षा तो दिवसागणिक कुठल्या दिशेने जातोय ते बघावं.

आता सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार. घरी गेलेली बाई आठवड्याने येते आणि सांगते, “सारखी लघवी होते. अर्ध्या-अर्ध्या तासाने जावं लागतं, खोकलं तरी कपडे ओले होतात.” ऐकणाऱ्याला वाटतं, हिचं मूत्राशय धरून ठेवत नाही. घरातले पाणी कमी प्यायला सांगतात. गावातला डॉक्टर लघवी आवरायची गोळी लिहून देतो. पण तपासलं तर मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि वरचं सांडत असतं. रांजण भरल्यावर नळ चालू राहिला तर जे होतं, ते. रांजण गळत नसतो. त्याला आवरायची गोळी दिली तर ढकलणारा आणखीच सुस्तावतो. एका बाईला याच गोळीवर तीन आठवडे काढायला लावले होते. आमच्याकडे आली तेव्हा बेंबीच्या खाली गरोदरपणासारखा उंचवटा होता आणि नळी घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. तिचं म्हणणं एवढंच, “दुखत नव्हतं ना, म्हणून कळलं नाही.” दुखायला कळ शिल्लक हवी.

साचलेल्या लघवीत जंतू वाढतात हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. ताठर मूत्राशयात दाब चढत राहिला तर तो वर मूत्रपिंडांपर्यंत पोचतो, आणि मूत्रपिंडंही मुकाट्याने सहन करतात. म्हणून बाई बरी दिसत असली तरी काही महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात. गुंता असेल तर मूत्राशयातला दाब मोजणारी, युरोडायनॅमिक नावाची तपासणी करतात.

मग करायचं काय? कळ नसेल तर घड्याळ. दर तीन ते चार तासांनी जायचंच, वाटो वा न वाटो. मोबाइलला गजर लावला की झालं, आणि ज्यांना तो लावता येत नाही त्यांना नातवंडं असतात. काही जणींना जुनी कळ परत येत नाही, पण तिच्या जागी दुसरी खूण सापडते. ओटीपोटात जडपणा, पोट फुगल्यासारखं वाटणं, कुणाला अंगावर काटा. ती खूण ओळखायला शिकायची.

बसण्याला फार महत्त्व आहे. आपल्याकडच्या बायकांना सार्वजनिक संडासात अर्धवट उभं राहून उरकायची सवय असते, आणि एसटीचा प्रवास असला की सकाळपासून पाणीच न प्यायची. दोन्ही सवयी या ऑपरेशननंतर महागात पडतात. अर्धवट बसलं की तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात. नीट टेकून, पाय जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवून, थोडं पुढे वाकून बसायचं. धार थांबली की लगेच उठायचं नाही. दोन मिनिटं थांबायचं, उभं राहून परत बसायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दुसऱ्या वेळी निघालेल्या पन्नास-साठ मिलीने कितीदा नळी टळते. नळाचं पाणी सोडून आवाज ऐकणं हा आजीच्या काळातला उपाय आहे. हसू नका, काहींना उपयोग होतो.

जोर करून लघवी करणं मात्र अडचणीचं. ढकलणारा स्नायू दमलेला असताना बाई पोटाने ढकलू लागते. थोडाफार जोर बहुतेकींना करावाच लागतो, आणि कित्येक जणी त्यावरच वर्षं काढतात. पण दोन्ही हातांनी ओटीपोट दाबून लघवी काढणं, जे काही बायका एकमेकींना शिकवतात, ते टाळावं. दाब खाली जातो तसा वरही जातो. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा. शौचाच्या नसाही त्याच जाळ्यातून जातात, त्यामुळे दोन्ही तक्रारी जोडीने येतात, आणि भरलेलं आतडं मूत्राशयाला आणखी अडवतं.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, म्हणजे केगल, यांच्याबद्दल थोडं. आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी ते १९४८ मध्ये मांडले आणि आज ते प्रत्येक तक्रारीवर सुचवले जातात. खोकताना-शिंकताना गळत असेल तर ते चांगलेच. पण लघवी तुंबणाऱ्या बाईचं दार आधीच नीट बंद होतंय. तिला शिकायचं आहे ते दार सैल सोडायला. आणि लघवी करता करता मध्येच धार रोखून व्यायाम करायचा, हे तर कुणीच करू नये.

गोळ्यांचं काय, असं नेहमी विचारतात. मूत्राशयाचं तोंड सैल करणारी टॅम्सुलोसिन, स्नायूला चालना देणारी बेथॅनेकॉल, दोन्ही दिल्या जातात. या ऑपरेशननंतर त्यांचा खात्रीने फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. डॉक्टरांनी दिली तर घ्यावी, पण गोळीवर भिस्त ठेवून नळी सोडू नये.

नळीला घाबरतात सगळ्याच. पण कायमची आत ठेवलेली नळी वेगळी आणि दिवसातून चार वेळा स्वतः घालून, लघवी काढून, लगेच बाहेर काढायची नळी वेगळी. दुसरा प्रकार ऐकायला भयंकर आणि प्रत्यक्षात कितीतरी सुखाचा. मांडीला पिशवी नाही, रात्री कूस बदलताना ओढ नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये सांगितलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते. त्यांचा युक्तिवाद असा: मूत्राशय ताणून भरलं की भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं. वेळेवर रिकामं केलं तर थोडेफार जंतू आत गेले तरी शरीर निभावून नेतं. त्या काळी अनेकांना हे मान्य झालं नव्हतं. आज जगभर हीच पद्धत चालते.

काकूंना शिकवायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी अर्धा वेळ त्या पदर सावरण्यात घालवत होत्या. हात साबणाने धुवायचे. कमोडवर किंवा खाटेच्या कडेला पाय फाकवून बसायचं. पहिल्यांदा हातात छोटा आरसा. लघवीची जागा योनीच्या तोंडाच्या जरा वर, बारीकशी. पन्नाशीतल्या बाईने स्वतःचं शरीर कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे आरसा हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग १२ किंवा १४ नंबरची नळी हळूच आत. बाईच्या मूत्रमार्गाची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर असते, त्यामुळे फार काही खुपसायचं नसतं. लघवी यायला लागली की आणखी थोडी सारायची, धार थांबली की सावकाश बाहेर. चुकून नळी योनीत गेली तर बाहेर काढू नका. तिथेच राहू द्या आणि दुसरी नळी तिच्या वर घाला, म्हणजे पुन्हा त्याच भोकात जाणार नाही. ही युक्ती मला एका जुन्या सिस्टरने शिकवली होती आणि मी ती आजवर प्रत्येकीला सांगितली आहे. तिसऱ्या दिवशी काकू आरशाशिवाय, नुसत्या बोटाच्या अंदाजाने करू लागल्या.

दिवसातून किती वेळा, ते उरलेल्या आकड्यावर ठरतं. मूत्राशयात एका वेळी ४०० मिलीच्या वर साचू द्यायचं नाही, एवढा साधा हिशोब. नळ्या शक्यतो दर वेळी नव्या. परवडत नसेल तर किती वेळा आणि कशी धुऊन वापरायची हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं.

नळी वापरणाऱ्यांच्या लघवीच्या तपासणीत जंतू निघतातच. ताप नाही, थंडी नाही, लघवी गढूळ किंवा घाणेरड्या वासाची नाही, तर त्या कागदावरच्या जंतूंसाठी अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. उगाच घेतलं की पुढच्या वेळी खरंच लागेल तेव्हा औषध चालत नाही. उलट बाजूला, जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि धण्याचं पाणी पीत बसणंही बरं नाही. हुडहुडी भरून ताप आला किंवा कुशीत दुखायला लागलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

एक गळती मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी आहे आणि ती ओळखता आली पाहिजे. ऑपरेशननंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी योनीतून पाण्यासारखं सतत, रात्री झोपेतही, खोकल्याविना गळू लागलं, तर मूत्राशयाला किंवा मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीला छिद्र पडलेलं असू शकतं. बाईला वाटतं अंगावरून पांढरं जातंय. ते लपवायचं नाही. यावर इलाज आहे. काही वेळा नुसती नळी ठेवून भरतं, नाहीतर पुन्हा ऑपरेशन.

ज्यांना ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावं लागतं, त्यांच्या मूत्राशयावर दुहेरी मार बसतो. मूत्राशय आक्रसतं, वारंवार जावं लागतं, आणि कधी कधी महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा लघवीतून रक्त येतं. पाच वर्षांनी रक्त दिसलं तर रोगच परत आला असं समजून खचायचं नाही, आणि शेकाचाच परिणाम असेल म्हणून घरीही बसायचं नाही. तपासायचं. एकाच बाईला ऑपरेशन आणि शेक दोन्ही द्यायची वेळ येऊ नये म्हणूनच गाठ मोठी असेल तर डॉक्टर ऑपरेशनच्या वाटेला जात नाहीत, थेट शेक आणि केमो देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सहाशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. आधी केमो देऊन मग ऑपरेशन केलेल्या गटात पाच वर्षांनी ६९.३ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, थेट केमो-शेक घेतलेल्या गटात ७६.७ टक्के. “ऑपरेशन करून टाका, एकदाचं निघून जाऊ दे” असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना मी हा आकडा नेहमी सांगते.

आता काकूंच्या मूळ प्रश्नाकडे. नसा वाचवता येत नाहीत का? येतात, आणि हा शोध नवा नाही. व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्थाइम यांनी १८९८ मध्ये पोट उघडून हे मोठं ऑपरेशन सुरू केलं तेव्हा प्रश्न बाई टेबलावरून जिवंत उतरेल का एवढाच होता. सुरुवातीच्या रुग्णांपैकी कितीतरी जणी दगावल्या. मूत्राशयाचा विचार करायला कुणाला सवड होती? जपानमध्ये हिदेकाझु ओकाबायाशी यांनी १९२१ मध्ये आणखी खोल कापणारी पद्धत मांडली, आणि तिच्यामुळे होणारा मूत्राशयाचा त्रास पाहून त्याच देशात ताकाशी कोबायाशी यांनी १९६१ मध्ये नसा वेगळ्या काढून जपायची पद्धत दाखवली. बाजूच्या ऊतींत वरच्या थरात रक्तवाहिन्या असतात आणि तळाच्या थरात नसा. मधे एक खोल शीर आहे, तिला सीमेचा दगड मानायचं. तिच्या वरचं कापायचं, खालचं बाजूला सारायचं. वाचायला सोपं, पण रक्ताने भरलेल्या अरुंद जागेत तो दगड शोधणं सोपं नाही, आणि गाठ तिथवर पोचली असेल तर नस वाचवायचा हट्ट कुणी धरू नये.

“दुर्बिणीतून केलं असतं तर हे टळलं असतं ना?” हाही प्रश्न येतो. नाही. नसांचं नशीब पोटावरच्या छेदाच्या लांबीवर ठरत नाही, आत किती माती काढली यावर ठरतं. शिवाय २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दुर्बिणीने हे ऑपरेशन केलेल्या स्त्रियांत रोग परत येण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त निघालं. पोटावरचा लांब टाका पाहून नाक मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

खरा बदल आला तो माती किती काढायची याच्या हिशोबात. २०२४ मध्ये ७०० स्त्रियांवरच्या एका चाचणीचे निकाल आले. सगळ्यांची गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि फार खोल न गेलेली. निम्म्या जणींचं मोठं ऑपरेशन, निम्म्या जणींचं साधं, नणंदेसारखं, मात्र लसिकाग्रंथींच्या तपासणीसकट. तीन वर्षांनी ओटीपोटात रोग परतण्याचं प्रमाण मोठ्या ऑपरेशनमध्ये २.२ टक्के, साध्यात २.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखं. आणि चार आठवड्यांनंतरही लघवी तुंबण्याची तक्रार? मोठ्या ऑपरेशनमध्ये ९.९ टक्के, साध्यात ०.६ टक्के. गळण्याची तक्रार ११ टक्के विरुद्ध ४.७. हा हिशोब फक्त छोट्या गाठींना लागू आहे. काकूंची गाठ साडेतीन सेंटिमीटरची होती. त्यांच्या वाट्याला हा पर्याय नव्हताच.

नणंद पुढच्या रविवारी परत आली तेव्हा मी तिला कुंडी, माती आणि जेसीबी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे माझी नुसती पिशवी गेली, हिची वायरिंग पण गेली.” मी म्हटलं, गेली नाही, दुखावली आहे. नस फार सावकाश भरते, दिवसाला एखादा मिलिमीटर. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात होते. वर्षानंतर जे उरतं ते बहुधा तसंच राहतं, आणि त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

काकू नळ्या, आरसा आणि ती वही घेऊन घरी गेल्या. उरली या रकान्यातले आकडे फोनवर सांगायच्या. ३१०, २६०, मध्येच एकदा ३८०, त्या आठवड्यात बद्धकोष्ठ होतं. चौथ्या महिन्यात एकदा दुपारी फोन आला. “सिस्टर, मेथी निवडत बसले होते. ओटीपोटात जडसं झालं आणि मी उठले. जाऊन आल्यावर मोबाइल बघितला, तर गजर व्हायला अजून पाऊण तास होता.”

मी उरलेली विचारली. ११० म्हणाल्या.